दोन प्रती

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. बनाआत्यास,
उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

किरणांचे अकरा शेक झाले, चौदा राहिले, असं कुंडलिकमामांनी फोनवर सांगितलं. पण फोन उशाशी ठेवता येत नाही, कागद ठेवता येतो, हे तुझंच म्हणणं, म्हणून लिहिते. छातीतली गाठ ऑपरेशनात निघाली, उरलंसुरलं शेकाने मरेल. अंथुर्ण्याहून रोज ढोबळी मिरचीच्या टेम्पोत बसून बारामतीच्या दवाखान्यात जातेस, तर वाटेत मामांना मिरचीच्या भावाचे सल्लेही देत असशील!

माझ्या प्रयोगशाळेत एक गुलाबीसर जिवाणू आहे. तुझ्या एका शेकाच्या दोन हजार पट किरणं दिली, त्याच्या डीएनएचे, म्हणजे जगण्याच्या पोथीचे, शेकडो तुकडे झाले, तरी त्याची प्रथिनं सगळं जोडतात आणि पठ्ठ्या पुन्हा वाढायला लागतो. मी तर त्याच्या प्रेमातच पडले आहे.

आशीर्वाद आहेतच, ते वाढवावेत.
तुझी उत्कर्षा

अंथुर्णे, ११ फेब्रुवारी

चि. उत्कर्षास बनाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून डोळ्याला डोळा नाही. एवढासा जीव दोन हजार पट शेक खाऊन जुळून येतो, तर माझ्या अंगात राहिलेली गाठीची पिल्लं काय करत असतील? रोज जळायचं, रोज जुळायचं, असंच ना? मग छातीची कातडी सोलून घ्यायला मी कशाला जाऊ? चार शेक चुकले, मी टेम्पोत बसले नाही.

हे, तुझे मामा, म्हणाले, पोरीला तसं म्हणायचं न्हाय, तू उगा डोक्यात राख घालतीस. मी पत्र फाडून बंबात घातलं. दिवसभर नुसती आत-बाहेर करते. खुरपायला जाते आणि खुरपं घरीच राहतं. फोन करू नकोस, मी घेणार नाही.

राग तुझ्यावर नाही, माया आहे तशीच आहे.
बनाआत्या

पुणे, १३ फेब्रुवारी

ती. आत्यास, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

चूक माझी. कामाच्या नादात मी कुणाला लिहितेय तेच विसरले. पोस्टाची वाट बघवत नाही, म्हणून इथल्या तुझ्या लेकाला, गोकुळला, सुट्टी काढायला लावून हे पत्र देऊन एसटीने पाठवते आहे.

गोष्ट मी अर्धीच सांगितली. त्या जिवाणूकडे एकाच पोथीच्या चार-सहा प्रती असतात. प्रत्येक प्रत वेगळ्या जागी फाटते. एकीत तुटलेली ओळ दुसरीत अखंड सापडते, ती बघून प्रथिनं तुकडे जुळवतात. शिवाय या कारागिरांना किरणांपासून जपायची सोय त्याच्याकडे आहे. गाठीच्या पेशींकडे असलं काही नाही. त्यांचं जोडकाम ढिसाळ, तुझ्या चांगल्या पेशींचं पुष्कळ बरं. म्हणूनच शेक एकदम न देता रोज थोडा देतात. दुसऱ्या दिवसापर्यंत चांगल्या पेशी सावरतात, गाठीच्या पेशींना तितकं जमत नाही. पण खाडा पडला की त्यांना वाढायला उसंत मिळते. चार खाडे तर तुझ्या पत्रापर्यंतच झालेत आत्या. मला तू हवी आहेस. जा.

हेही फाडशील, म्हणून दोन प्रती लिहिल्या आहेत.

तुझी घाबरलेली
उत्कर्षा

अंथुर्णे, १७ फेब्रुवारी

चि. उत्कर्षास आशीर्वाद, आणि दोन धपाटे.

गोकुळनं पाकीट दिलं आणि मी दोन्ही प्रती न वाचताच फाडल्या. मग जीव थाऱ्यावर राहीना. चहा उतू गेला. ह्यांनी तुकडे गोळा केले आणि पाटावर मांडले. मी लांबून बघत होते, ते उलटेच लावत होते. चष्मा कुठं ठेवलाय ते त्यांना कधी ठाऊक असतं? शेवटी मीच बसले.

एकीतली ओळ तुटली की दुसरीत हुडकायची. तासभर लागला. एक ओळ मात्र सापडेना. मग एका तुकड्यावर ‘मला तू हवी’ दिसलं, दुसऱ्या प्रतीच्या तुकड्यावर ‘हवी आहेस. जा.’ ते जुळलं आणि मला रडू फुटलं.

आज टेम्पोत बसले. चौदावा शेक झाला. डॉक्टर खाड्यांवरून फार रागावले, शेक वाढवावे लागतील का ते उद्या सांगणार आहेत. धाकधूक आहेच, पण आता खाडा करणार नाही.

पुढचं पत्र एकाच प्रतीत लिहिलंस तरी चालेल.

तुझी
बनाआत्या