चिंबोरीमावशीचा आवाज

सोम. १२ जाने.
ऑफिसात सगळ्यांची मीटिंग. रेवतीमॅडम दोनदा म्हणाल्या, "खर्च आवरायचाय, पण घाबरू नका." म्हणजे घाबरायला हवं. आमच्या कार्टून चॅनलच्या मराठी डबिंगला उरलंय तरी कोण? मी, निलिमा, मॅडम. बाकीचे दिवाळीआधीच गेले. परतताना निलिमा म्हणाली, "आपण इतक्या स्वस्त, की काढून त्यांचं वाचणार काय?" हसलो दोघी. पालघरला ती सातपाटीच्या बसकडे, मी घरी. अनिलची सेकंड शिफ्ट. पिऊने वांगं ताटात तसंच ठेवलं. ओरडले. उगाच.

मंगळ. १३ जाने.
निलिमाला काढलं.
केबिनमध्ये गेली तेव्हा हातात चहाचा कप होता. बाहेर आली तेव्हाही तसाच, भरलेला. लॅपटॉप तिथेच ठेवून घेतला. मग मला बोलावणं. वाटलं, आता माझं. मॅडम म्हणाल्या, "तू राहते आहेस. तिच्या वाटचंही बघावं लागेल." मी म्हणाले, थँक्यू. थँक्यू! तोंडातून निघालंच कसं ते.
ती जिन्यात उभी होती. "तुझं काय?"
"राहिलं."
"बरं झालं गं. पिऊ लहान आहे." असं म्हणाली आणि मग रडली. मला रडताही येईना. कुठल्या तोंडाने रडणार होते?

गुरु. १५ जाने.
पिऊने विचारलं, "मग आता चिंबोरीमावशी कोण बोलणार?" तिला दप्तर भरायला सांगितलं.
मूळ कार्टूनमधली ती खेकडीण नुसती किरकिरी म्हातारी आहे. पहिल्या दिवशी स्टुडिओत निलिमाने गंमत म्हणून तिला आपल्या आईची बोली दिली. "काय रं पोरा, कुटं चाललास? भरती हाय, दिसत नाय?" काचेपलीकडे सगळे पोट धरून हसले आणि तेच कायम झालं. नावही निलिमानेच ठेवलं, चिंबोरीमावशी. काकींना, म्हणजे तिच्या आईला, केवढं कौतुक. गुडघे गेले म्हणून पालघरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसणं थांबलं, तेव्हापासून रोज संध्याकाळी टीव्हीसमोर. येईल त्याला सांगायच्या, "बग, पोर माजी नक्कल करते. आख्ख्या म्हाराष्ट्रात."

रवि. १८ जाने.
निलिमाला फोन. आवाज बरा वाटला. काकींना सांगितलंय म्हणे. त्या म्हणाल्या, "बरं झालं, आता गरम जेवशील तरी." बोईसरला एका ऑफिसात फोन घ्यायचं काम आहे, विचारून ठेवलंय. मी म्हणाले, तू आणि फोन घेणार? ती म्हणाली, "का, आवाज चांगला आहे माझा."

बुध. ११ फेब्रु.
आज जे झालं ते…
मॅडमनी नवे भाग पाठवले. ऐकून दुरुस्त्या कळव, एवढंच. हेडफोन लावला. चिंबोरीमावशी. निलिमा! मी खुर्चीतून उठलेच. वाटलं, परत बोलावलं तिला आणि ह्या बयेने मला सांगितलं नाही. इतका आनंद झाला की आधी मॅडमना फोन केला.
"अगं नाही. तिच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरने केलंय. करारात आहे तसं, सही आहे तिची."
मी म्हणाले, "मॅडम, ह्यात श्वास नाही."
"म्हणजे?"
"ती 'पोरा' म्हणायच्या आधी श्वास घेते. ओरडायचं असलं की."
"तुला कळतं. मुलांना कळेल का?"
मग त्याच हळूच म्हणाल्या, "मानसी, हे माझ्याही हातात नाही गं. पुढच्या महिन्यात मी असेन की नाही, तेही."

गुरु. १२ फेब्रु.
अनिलला सांगितलं. तो कंपनीतून दमून आलेला. बूट काढता काढता म्हणाला, "तू नाही म्हणालीस तर दुसरं कुणी करेल. आणि तुलाही…" वाक्य अर्धंच ठेवलं त्याने.
भाग पास करून पाठवले.
निलिमाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उद्या.

मंगळ. १७ फेब्रु.
उद्या उद्या करत राहिले. काल नवा भाग लागला.
आज काकींचा फोन. त्या कधी फोन करत नाहीत. "मानशी, माजी पोर परत लागली ना गो कामाला?"
मी पिऊला हातानेच आत जायला सांगितलं.
"मना सांगत नाय ती. टीवीवर नव्या भागात आयकली ना मी! शेजारणीला हाक मारली, बग म्हटलं, निली आली. तिला इचारलं तर उठून भायेर गेली. जेवली पन नाय. भांडलाव काय तुमी दोगी?"
"नाही काकी. मी येते रविवारी."
"ये. बोंबील हायत ताजं."
फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. पिऊला ऐकू नये म्हणून.

रवि. २२ फेब्रु.
सातपाटीला गेले. निलिमा घरामागे बोंबील टांगत होती. मला बघून हात थांबवला नाही. मीही शेजारी उभी राहून टांगायला लागले. जमेना.
"तू आधी ऐकलं होतंस ना?"
"हो."
"पास तूच केलंस?"
"हो."
तिने पुढचा बोंबील टांगला. मग म्हणाली, "कसं होतं?" अगदी स्टुडिओत टेक झाल्यावर विचारायची तसं.
"श्वास नव्हता."
"हं. मलाही तेच वाटलं."
म्हणाली, आईला किती सांगितलं, ते मशीन आहे. ऐकतच नाही. म्हणते, पोटच्या पोरीचा आवाज मला कळत नाय काय. नोकरी लपवतेस माझ्यापासून.
आत जेवायला बसलो. काकींनी माझ्या ताटात बोंबील वाढले आणि म्हणाल्या, "निले, मावशीसारकी बोल ना जरा. मानशी आलीय."
निलिमाने घास खाली ठेवला. "घसा बसलाय आय."
"कवापासून?" म्हणून काकीच बोलून दाखवायला लागल्या, "काय रं पोरा, कुटं चाललास…" हात हलवून, हसत. एवढं छान. निलिमा ताट घेऊन मोरीत गेली. मी काकींकडे बघत हसत राहिले.
निघताना ती स्टँडपर्यंत आली नाही. नेहमी येते.

बुध. २५ फेब्रु.
पुढचे भाग आले. मॅडमना सांगितलं, बाकी सगळं करीन, मावशीचं मला देऊ नका. म्हणाल्या, "असं निवडून काम मिळायचे दिवस गेले गं. शुक्रवारपर्यंत विचार कर." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

गुरु. २६ फेब्रु.
दुपारी निलिमाला फोन लावला. घेतला तिने. बोईसरचं काम मिळालंय, सोमवारपासून. अभिनंदन म्हणाले. शब्द किती खोटा वाटला. मग विचारलंच, नोकरी सोडू का?
पलीकडे कुणाचा तरी रेडिओ चालू होता.
"माझ्यासाठी सोडू नकोस. सोडलीस तर मला वाईट वाटेल."
"आणि नाही सोडली तर?"
"तरी वाटेल."
मग म्हणाली, आय हाक मारतेय, ठेवते.
अनिलने रात्री विचारलं, काय ठरलं? मी कुकर लावत होते. उद्या शुक्रवार. मॅडमना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.