झेबुर्ग मोडलं म्हणे

मंगळवार, संध्याकाळ

वहीत लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. रविवारपासून हातच चालत नव्हता.

माझा मुलगा दत्ता आम्स्टरडॅमला असतो. रविवारी त्यानं फोनवर घराजवळची बाग दाखवली. केवढं ते गवत, आणि चरायला एक मेंढरू नाही! दत्ता म्हणाला, "अण्णा, इकडं पलीकडं आधी गोदी हुती. पुढं पाण्यात वाळू टाकून बेटं केली, त्यावर वस्त्या बसवल्या. ह्या सगळ्या भागाला झेबुर्ग म्हणायचे. आता झेबुर्ग मोडलं, शहराच्या पूर्व भागात घातलं." तेवढ्यात फोन तुटला. तेव्हापासून लागत नाही.

मोडलं म्हणजे काय? आमची वाडी धरणाच्या तलावात गेली, तेव्हा आधी कागदावरचं नाव गेलं, मागोमाग माणसं उठवली. हे सांगितलं तर शेजारचा भानुदास हसला. "येडा हायस का बे? नाव गेल्यानं घर जातंय व्हय?"

त्याचं घर कधी पाण्यात गेलं नाही. पाण्यातून काढलेली जमीन पाणी परत मागणार नाही कशावरून?

भाकरी गोड लागली नाही. ते गवतच डोळ्यापुढं येतं. एवढं गवत, आणि माणसं त्यावर नुसती उन्हाला पडलेली.

खरं लिहितो. मघाशी मनात आलं, दत्ताला तिथून उठवलंच तर तो इकडंच येईल. बरंही वाटलं. बापानं असं मनात आणावं का?

दत्ता, घर राहिलं असलं तरी कळव, गेलं असलं तरी कळव. पण लवकर कळव रे बाबा.