तळ्यापर्यंतचा भोंगा

प्रिय ताई,

आई बरी आहे, असंच मी तुला फोनवर सांगितलं. खरं काय ते इथे लिहिते आणि पत्र माझ्याकडेच ठेवते.

कारखान्यातून वायू सुटला तेव्हा वस्तीला सावध करणारं काहीच नव्हतं. बाबा तळ्याकडे फिरायला गेले होते, ते तिथेच संपले. आता नगरपालिकेने पाण्याच्या टाकीवर भोंगा बसवलाय. आज त्याची चाचणी होती. भोंगा वाजताच आईने टॉवेल भिजवून खिडक्यांच्या फटींत कोंबले, माझ्या तोंडावर ओला रुमाल दाबून धरला. दार मात्र तिने सताड उघडं ठेवलं.

थोड्या वेळाने पालिकेचा माणूस विचारायला आला, "आजी, नीट ऐकू आला ना?"

"मला आला हो. पण हे तळ्याकडे गेलेत, तिथवर पोचला नसेल. अजून एकदा वाजवता का?"

मी त्याला खुणेनेच नको म्हणत होते. तरी अंगणात जाऊन त्याने टाकीवरच्या माणसाला फोन लावला. भोंगा पुन्हा वाजला, पहिल्यापेक्षा जास्त वेळ.

आई उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. ताई, मीही बघत होते.

तुझीच,
धाकटी