फोटोमागची ओळ

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

वर्गासाठी तू काकांवर बनवलेलं वेबपान फोनवर उघडलं. राग आलाय, म्हणून कागदावर लिहितेय. फोनवर बोलले असते, तर हो काकू, हो काकू करून तू मला गुंडाळलं असतंस.

तुझ्या काकांनी पस्तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्या वाचत वाचतच मी वाचायला शिकले. रस्त्यापलीकडून वाचता आली नाही, तर गिऱ्हाईक नको म्हणालं तरी ते पाटी पुसून पुन्हा रंगवायचे. आणि तू त्यांचं नाव पांढऱ्यावर फिकट राखाडी लिहिलंस. चष्मा पुसून खिडकीशी गेले तेव्हा सापडलं. माणूस गेला म्हणून त्याचं नावही पुसत आणायचं का? फोटो गोल कापून त्यांचं नाणं केलंस. बटण इतकं बारीक की बोट भलतीकडेच पडतं.

हेही गिळलं असतं. पण तुझ्या आत्याला दिसत नाही, फोन तिला सगळं वाचून दाखवतो, हे तुला ठाऊक आहे. भावाच्या फोटोवर तिने बोट ठेवलं. फोन म्हणाला, चित्र, शून्य शून्य तीन सात. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. कैद्याचा नंबर असावा तसं. फोन पालथा घालून ती आत गेली. तीन दिवस त्याला शिवलेली नाही.

राग आहे तेवढाच जीवही आहे तुझ्यावर, हे वेगळं सांगायला नको.

तुझी काकू

ता. ९ फेब्रुवारी

ती. काकूस सा. न. वि. वि.

शिकवणाऱ्या बाईंनी माझं पान नाजूक आहे म्हणून वर्गाला दाखवलं, आणि तू थेट फासावर चढवलंस. पहिलंच पान आहे गं माझं.

दोन दिवस रुसले. मग डोळे मिटून ते फोनकडून वाचून घेतलं, तेव्हा आत्याचं कळलं. आता अक्षरं काळी आणि मोठी केलीत, बटण अंगठ्याएवढं, फोटो अख्खा. फोटोमागे एक ओळ लिहायची सोय असते. ती दिसत नाही, फोन फक्त वाचतो. ती मी रिकामी सोडली होती. आधी 'एक माणूस' असं लिहिलं, मग खोडलं. काकांना मी पाहिलं ते अंथरुणावरच. ती ओळ तू लिही, फोटोत दिसतं तेवढीच.

रागावून का होईना, लिहीत जा. एरवी तू खुशालीच्या पुढे जात नाहीस.

तुझीच ठकी

ता. १५ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

तुझ्या बाईंना विचार, नाजूक असायला ती पाटी आहे की कानातलं?

दोन वर्षं कपाटात पालथा ठेवलेला तोच फोटो काढला. पाच कागद फाडले. एकावर त्यांचा स्वभावच लिहीत बसले, दुसऱ्यावर भांडण. जायची घाई त्यांना, आणि ओळी लिहायच्या मी. घे: 'शिडीच्या चौथ्या पायरीवर पाट्या रंगवणारा उभा, ब्रश कानामागे, बाहीला निळा रंग, अर्धवट अक्षराकडे डोळे बारीक करून बघतोय.'

एक अक्षर बदललंस तर याद राख. जपून राहा.

काकू

ता. २२ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

ओळ घातल्याचं तुझं कार्ड मिळालं. आत्याने ती सहा वेळा ऐकली. मला वाटलं रडेल, तर ती माझ्यावरच भडकली. म्हणाली, ओळ खोटी आहे. दादा उंचीला घाबरायचा, कुणी शिडी धरल्याशिवाय दुसरी पायरी चढायचा नाही. मग धरणारं माणूस कुठे गेलं? दिसत नाही म्हणून मला फसवता का?

मी सांगितलं, की खाली कडेला नुसते दोन हात आलेत, कुणाचे ते कळत नाही. त्यावर ती म्हणाली, की मला इथे बसून कळतंय, डोळे असलेल्यांना काय धाड भरली?

तेव्हा पुढे लिही: 'खाली त्याची बायको शिडी घट्ट धरून उभी आहे.'

आहे असंच लिही. होती नको.

माझ्या रागाची किंमत ठेवलीस, तशी मायेचीही ठेवत जा.

तुझी काकू