आयसालकिनला कोणी सांभाळावे

मी, बुरमाकान, सादिरबेक यांची मुलगी, वय सेहेचाळीस, धंदा लोकर दाबून नमदे, म्हणजे जाड गालिचे, करणे, राहणार नारिन, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या मूत्रपिंडावरची गाठ काढणार आहेत. डॉक्टर निर्धास्त आहेत, मीही बरीचशी आहे. तरी कागद झालेला बरा.

१. नदीकाठचे घर माझी एकुलती मुलगी आयसालकिन, वय एकोणीस, हिचे.

२. लोकर झोडपायच्या काठ्या शेजारीण जुमागुल हिला. माझी मोठी कात्री तिने बारा वर्षांपूर्वी नेली आहे. तीही आता तिचीच समजावी.

३. आयसालकिनचे वडील हयात नाहीत; माझ्यामागे तिचा सांभाळ माझी नणंद सोनुनबुबू हिने करावा. माझ्या भावाला हे पसंत नाही, म्हणून कारण लिहिते.

पाच महिन्यांची असताना आयसालकिन एकाएकी मान खाली घालून हात पुढे टाकायची, पुन्हा पुन्हा. सोनुनबुबू हसली, "बघ गं वहिनी, आत्तापासूनच नव्या नवरीसारखी वाकून सलाम करतेय! सासू खूश होणार हिची." सलाम केला की आशीर्वाद द्यायचा, म्हणून तीन महिने आम्ही सगळ्यांनी झटक्यांना आशीर्वाद दिले.

बिश्केकच्या डॉक्टरबाईंनी पाठीवरचे पांढरे डाग पाहिले आणि मेंदूचा फोटो काढला. जन्मापासूनच्या सात गाठी. याच आजाराचा सौम्य अंश पुढे माझ्यातही निघाला; मूत्रपिंडावरची गाठ त्यातलीच. बाई म्हणाल्या, "सगळ्याच गाठी त्रास देत नाहीत. एखादीच्या भोवतालचा मेंदू भडकतो, तिथून झटके उठतात. बाळपणी ते जितके लांबतात, तितकं मूल मागे पडतं." नमद्यात खडा राहिला की भोवतालची लोकर सुरकुतते. मला लगेच समजले.

आयसालकिन उशिरा बोलली, वाचायला शिकली नाही. माझ्या नमद्यांचे रंग मात्र तीच निवडते, आणि चांगले निवडते.

भाऊ म्हणतो, "ती हसली होती!" हसलो सगळेच होतो. त्यानंतर मुलीवरची नजर न काढणारी सोनुनबुबू एकटीच. तिच्या हातून झटक्यांची एकही गोळी चुकलेली नाही. झटका येण्याआधी आयसालकिनचा उजवा अंगठा आत वळतो; ते तिला आधी कळते, मला मागाहून. हा सांभाळ मी तिला शिक्षा म्हणून देत नाही.

मसुदा ऐकून ती म्हणाली, "वहिनी, ते हसण्याचं खोड ना."

"नाही खोडणार. दुसऱ्या कुणाचं बाळ असं वाकलं तर लोकांना कळू दे."

"बरं. पण पोरीला विचारलंस का?"

विचारले. आयसालकिन म्हणाली, "आत्या घोरते." मग म्हणाली, "चालेल."

हा तिचा होकार समजावा.

सही: बुरमाकान
साक्षीदार: जानिल (परिचारिका) आणि एसेनगुल (शाळामास्तर)
(सोनुनबुबूला सही करायची होती. जिच्या नावे काही लिहिले आहे, तिला साक्षीदार होता येत नाही, असे मास्तरांनी समजावले.)
नारिन, १४ ऑक्टोबर २०२३