शिवणाच्या डब्यातल्या गोळ्या

अगं,

शर्टाचं बटण तुटलं म्हणून तुझा शिवणाचा डबा उघडला. रिळांखाली पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं, अर्धं संपलेलं. डोकेदुखीच्या आहेत म्हणशील, पण मी औषधाच्या दुकानात विचारून आलोय. वर्षभर मूल हवं म्हणून आपण डॉक्टरीणबाईंकडे खेटे घालतोय, त्या सांगतील त्याला तूही मान डोलावतेस. मग हे पाणी कुठं मुरतंय? गेल्या महिन्यात पाळी आली तेव्हा माझ्या खांद्यावर रडलीस, ते तरी खरं होतं ना?

मी कामावर निघालोय. पाकीट होतं तिथेच ठेवलंय. तुला मूल नको असेल तर नको. आईला मी सांगेन, दोष माझ्यात आहे म्हणून. पण मला तरी खरं सांग.