अरक्कू रंगाचं पाणी

अप्पा, आपल्या शेडमधून आता रंगाचा थेंबही नदीत जात नाही. हे तुम्हाला आधी सांगायचं होतं, म्हणून आधी लिहिलं. पुढचं कसं लिहू ते कळत नाहीये.

रेशमाच्या लडी हंड्यातून काढल्या की तुम्ही उरलेलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरायचात. पेल्यामागचं बोट दिसलं तर ठीक, नाहीतर तुमच्या लेकाची, अण्णाची काही धडगत नसे. ‘अरे, नदीस पाजायास आणला काय रंग?’ अण्णा मान खाली घालतो, मी दारात उभी राहून हसते, आणि तुम्ही माझ्याकडे वळता. ‘तू कशास हसतेस? हिंगे ये, लडी पिळ.’ पुण्याला सासरी मी एकदा कुणाला ‘इकडे ये’च्या जागी आपल्या तमिळ मुलखातलं ‘हिंगे ये’ म्हटलं तर सगळं घर हसत सुटलं होतं. पर्यावरण हा शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. रंग वाया गेलेला तुम्हाला खपत नसे, बस. मोजून घालायचा, आचेवर वेळ द्यायचा, म्हणजे तो सुतात मुरतो, पाण्यात उरत नाही.

मग तुम्हाला धाप लागायला लागली, तुम्ही शेडमध्ये येईनासे झालात. लग्नाच्या ऑर्डरी वाढल्या. अण्णाने रंग वाढवला, वेळ कमी केला, आणि हंडे सरळ मागच्या नाल्यात रिकामे व्हायला लागले. दुकानाच्या दारावर मात्र हिरव्या पानाची पाटी लागली, कागदी पिशव्या आल्या, नदीकाठी रोपं लावून फोटो काढले. मी पुण्याहून फोनवर त्याला म्हणायची, पाटी हिरवी आणि पाणी तांबडं, छान चाललंय तुझं. तो हसायचा. मीही हसायची, अप्पा.

तुम्ही गेलात तो उन्हाळा होता. धरणाचं पाणी सुटलेलं नव्हतं, नदीत घोट्याएवढं पाणी. अण्णा तुमच्या अस्थी घेऊन पाण्यात उतरला, मी घाटाच्या पायरीवर उभी. आणि वरच्या अंगाने तांबडं पाणी आलं. अरक्कू, आपला तो लाखेचा गडद रंग. शेड बंद ठेवायला सांगायचं घरात कुणाला सुचलंच नव्हतं. मुहूर्ताच्या साड्या होत्या, माणसं कामाला लागली होती. भटजी मंत्र म्हणत राहिले. वाकलेल्या अण्णाचं धोतर गुडघ्यापर्यंत रंगलं. तुम्ही आमच्याच हंड्याच्या पाण्यात गेलात.

घरी आल्यावर अण्णा शेडच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. म्हणाला, ‘तू जाऊ नकोस, मजकडून एकट्याकडून होणार नाही.’ मी राहिले. पाटी आधी काढली. पुन्हा काचेचा पेला आणला. फिक्या रंगापासून गडद रंगाकडे जायचं, मधलं धुण्याचं पाणी टाकायचं नाही, पुढच्या हंड्याला वापरायचं. उरलेल्यासाठी मागे टाक्या बांधल्या, गाळ सुकवायला जागा केली, नाल्याचं तोंड सिमेंटने बुजवलं. साड्या उशिरा निघतात, महाग पडतात. काही जुनी गिऱ्हाइकं गेली. अण्णा त्यांना दारापर्यंत पोचवतो आणि आत येऊन लडी पिळायला बसतो.

यंदा तुमच्या तिथीला आम्ही त्याच घाटावर गेलो. वाटलं होतं, निदान आता तुम्हाला स्वच्छ पाणी मिळेल. नदीत पाणीच नव्हतं. वरून काही आलेलं नव्हतं, आणि आपला नाला तर आम्हीच बुजवलेला. अस्थी सोडल्या तेव्हा वाहत होतं ते सगळं पाणी आपल्याच शेडचं होतं, हे तेव्हा कळलं. अण्णाने घरून बाटलीत आणलेलं पाणी तिळांवर सोडलं. ते वाळूत लगेच जिरलं.

हे मी तमिळमध्ये लिहायला हवं होतं. घरात आपण मराठी बोललो, पण तुम्हाला वाचता यायची ती तमिळच. ही देवनागरी अक्षरं मी पुण्यात शिकले. तुम्हाला त्यातलं एकही लागणार नाही. त्या दिवशीचं पाणी कुठल्या रंगाचं होतं ते तुम्हाला कळू नये, म्हणून मी ह्याच अक्षरांत लिहिलं.